भिंतीवरचा फोटो आणि अंगावरचे लुगडे



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, बखरींवर, नाट्यसंगीतावर बोलणे झाले आहे. त्यामुळे चिटणीसांनी दूरध्वनीवर विषय विचारला आणि मी "फॅशन आणि मासिकांतली चित्रे" असे म्हटले, तेव्हा पलीकडून थोडा वेळ काही ऐकूच आले नाही. मग ते म्हणाले, "ताई, साहित्याशी थोडे जोडून घ्याल ना?" मी हो म्हटले. आता इथे उभी राहिल्यावर कबूल करते, की तसा फारसा प्रयत्न मी केलेला नाही. मी चौतीस वर्षे मुलींना कापड आणि पोशाख हा विषय शिकवला. धागे मोजायचे, वीण ओळखायची, रंग पक्का की कच्चा ते पाहायचे, हे माझे काम. साहित्य वाचले ते आपल्यासारखेच, दुपारी आडवे पडून. तेव्हा कापडाच्या बाजूनेच बोलेन.

आपण जे नेसतो ते "असेच शोभते" हे आपल्याला कोणी शिकवले? आईने, आजीने, असे आपण म्हणतो. माझे निरीक्षण असे, की आई-आजीने शिकवले ते नेसायचे कसे. दिसायचे कसे, हे बहुतेक वेळा एखाद्या चित्राने शिकवले. ते चित्र भिंतीवर असेल, कॅलेंडरवर असेल, नाहीतर मासिकाच्या मुखपृष्ठावर.

बडोद्यात हे बोलायचे तर राजा रविवर्म्याला टाळून चालत नाही. १८८१ साली सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळाले, त्या निमित्ताने तो आपल्या धाकट्या भावाला, राजराज वर्म्याला, घेऊन इथे आला. त्रावणकोरचे दिवाणपद सांभाळून आलेले टी. माधवराव तेव्हा आपले दिवाण होते, तो धागा होताच. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी त्याच्याकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणकथांवरची चौदा चित्रे मागवली. नल-दमयंती, अर्जुन-सुभद्रा, शंतनू आणि मत्स्यगंधा ही आपल्या माहितीची. त्या आधी तो उत्तरेत बराच हिंडला. सुभद्रा काय नेसत होती, दमयंतीचा पदर कुठल्या खांद्यावर होता, याचा कुठे पुरावा मिळतो का हे त्याला पाहायचे होते. तो मिळण्यासारखा नव्हताच. मग चित्रकाराने जे करायचे ते त्याने केले: पाहिलेल्या नेसण्यांतून निवड केली. त्याच्या कितीतरी नायिकांचे नेसणे पाहून आपल्या आज्या-पणज्यांना काही परके वाटले नाही, कारण ते बरेचसे त्यांचेच होते. १८९४ मध्ये त्याने मुंबईत शिळाप्रेस काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि तिथून निघालेल्या रंगीत छापांनी लक्ष्मी-सरस्वतीला घराघरांतल्या देवघराच्या भिंतीवर आणून बसवले.

म्हणजे काय झाले पाहा. त्रावणकोरच्या किळिमानूरचा एक माणूस येतो, आपल्या बायकांचे नेसणे पाहतो, ते देवीला नेसवतो, आणि दहा-वीस वर्षांनी आपल्याच बायका त्या देवीकडे पाहून पदर नीट करतात. याला उसनवारी म्हणायचे की परतफेड, मला ठरवता आलेले नाही. पुढेही हीच तऱ्हा. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरची ती मोठ्या डोळ्यांची, अंबाड्यात फूल खोवलेली मराठी स्त्री आपल्या मनात कोणी घातली? दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर यांनी. दोघेही मूळचे गोव्याचे. आणि ही स्त्री जे लुगडे नेसते ते तरी कुठले? इरकली लुगडे इळकलचे, म्हणजे कर्नाटकातले. नारायणपेठी तेलंगणातली. महेश्वरी आणि चंदेरी माळव्या-बुंदेलखंडाकडची. लग्नातला शालू बनारसचा. पैठणी तेवढी आपली म्हणावी तर तिच्यावरची कमळे आणि पोपट पाहून अजिंठा आठवणारेही आहेत आणि दूरच्या व्यापाराची खूण काढणारेही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना पाहुणे आले की विचारतात, "तुमच्याकडे अजून अस्सल मराठी पद्धत पाळतात का हो?" तेव्हा मी या मागांची नावे सांगते. पाहुणे चहा पितात.

आता फोटोकडे येते. पॅरिसमध्ये १९११ च्या एप्रिलमध्ये 'आर एत देकोरासिओं' नावाच्या मासिकात एडवर्ड स्टायकेनने पॉल प्वारे या शिंप्याच्या पोशाखांची छायाचित्रे छापली. मासिकातले फॅशनचे छायाचित्र या गोष्टीची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. त्याआधी पोशाख दाखवायचा तर रेखाचित्र, नाहीतर नुसती नोंद केल्यासारखा फोटो: बाई उभी, पोशाख पुरता दिसतोय, संपले. स्टायकेनच्या चित्रात बाई दारात वळते आहे, कापड हलते आहे, प्रकाश एका बाजूने येतो आहे. कापड विकायचे तर कापड पुरते दाखवू नये, हे तिथे प्रथम कळले असावे. पुढे 'व्होग'ने बॅरन द मेयर नावाचा पगारी छायाचित्रकार ठेवला, आणि १९३२ च्या जुलैमध्ये स्टायकेनचेच रंगीत छायाचित्र 'व्होग'च्या मुखपृष्ठावर आले. पोहण्याच्या पोशाखातली एक मुलगी, हातात मोठा चेंडू. मुखपृष्ठावरच्या हाताने काढलेल्या चित्रांना तिथून उतरती कळा लागली.

त्याच १९११ साली, डिसेंबरात, दिल्ली दरबार भरला. दरबाराला आपल्या बडोद्याची इंदिराराजे होती, सयाजीराव आणि दुसऱ्या चिमणाबाई यांची एकुलती एक मुलगी, वय एकोणीस. तिची सोयरीक ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेली. ती तिने स्वतः पत्र लिहून मोडली आणि १९१३ मध्ये कुचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लंडनमध्ये लग्न केले. ग्वाल्हेरची मंडळी इथे असतील तर त्यांनी आता मनावर घेऊ नये, शंभर वर्षे होऊन गेली. मला यात रस आहे तो साडीचा. इंदिराराजे जिथे पडली ते घर ब्राह्मो वळणाचे, सासू सुनीतीदेवी म्हणजे केशवचंद्र सेनांची मुलगी. त्या वर्तुळात बायका परकर, पोलके आणि निऱ्या घालून गोल साडी नेसत. ते वळण ज्ञानदानंदिनीदेवी ठाकुरांनी रुळवले, आणि त्यांनी ते घेतले होते मुंबई इलाख्यातल्या पारशी बायकांकडून. म्हणजे आपल्या दाराशीच असलेली गोष्ट बंगालला जाऊन, मान मिळवून, मग आपल्याकडे परत आली.

सकच्छ लुगडे आणि गोल साडी यांत केवळ चार वारांचा फरक नाही. नऊवारीला परकर लागत नाही. लुगडे स्वतःच्या बळावर अंगावर राहते. त्यासाठी कापडाला अंग लागते, सुताला पीळ आणि काठाला वजन लागते. गोल साडी परकराच्या नाडीवर टांगलेली असते. म्हणून ती कितीही पातळ चालते. मग इंदिराराजेने शिफॉन आणले. शिफॉन म्हणजे खूप पीळ दिलेल्या बारीक रेशमाचे विरळ विणलेले कापड, धरले तर मुठीत मावते आणि सोडले तर पाण्यासारखे खाली येते. शिफॉनच्या साड्या प्रथम आईने रूढ केल्या असे गायत्रीदेवींनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. संस्थानी बायकांची ती पुढे जवळजवळ खूणच झाली: फिकट शिफॉन, गळ्यात मोत्यांचा सर, डोक्यावरून जेमतेम टेकलेला पदर. सेसिल बीटनने गायत्रीदेवींची छायाचित्रे काढली त्यांतही तेच सौंदर्य आहे. हौसेला तर सीमा नव्हती. साल्वातोरे फेरागामो या इटालियन चर्मकाराकडे इंदिराराजेने शंभरावर जोड सांगितले आणि एकावर बसवायला हिरे-मोती स्वतःकडचे पाठवले.

पण एक तारीख मी मुलींना नेहमी सांगत असे. १९२२ च्या डिसेंबरात जितेंद्र नारायण वारले. इंदिराराजे तेव्हा तीस वर्षांची, पदरी पाच मुले. म्हणजे ती शिफॉनची कीर्ती, ती छायाचित्रे, ते युरोपातले नाव, यांतले बरेचसे एका विधवेचे आहे. पांढरा रंग तिच्या वाट्याला आला तो जगात सगळ्यांत तलम कापडावर आला. तिने त्याचे काय केले हे छायाचित्रांत दिसते. मुली हे लिहून घेत. परीक्षेत मी यावर कधी प्रश्न घातला नाही.

घातला असता तर मला स्वतःलाच उत्तर द्यावे लागले असते, कारण तिच्यानंतर चारच वर्षांनी, १९२६ मध्ये, याच गावात, लक्ष्मीविलासपासून चालत अर्ध्या तासावर, माझी आजी विधवा झाली. वय एकवीस. माझे वडील दोन वर्षांचे. तिचे केशवपन झाले आणि तिला आलवण मिळाले. आजच्या तरुण मुलींना आलवण सांगावे लागते. तांबडट, बिनकाठाचे, बिननक्षीचे जाड सुती वस्त्र, डोक्यावरून ओढून घेतलेले. शब्दातच 'आल' आहे. आल नावाच्या झाडाच्या मुळीपासून तो तांबडा रंग निघतो. कापडाची बाई म्हणून सांगते, मुळीचा तो रंग जबरदस्त पक्का, सूर्याने जात नाही की धुण्याने जात नाही. आजी एकोणपन्नास वर्षे आलवणात होती. अखेरची आलवणे मात्र बाजारी रंगाची होती, आणि तिला त्याचे दुःख होते: "हे धुतले की बादली लाल होते, पहिल्यासारखे कापड नाही."

ही माझी आजी आमच्या वाड्यातली आणि आसपासच्या दोन गल्ल्यांतली शिंपीण होती. व्यवसाय असे म्हणायचे नाही. "पोलकी बेतून देते" असे म्हणायचे. हाताने फिरवायचे शिवणयंत्र, सागवानी पेटीतले. पैसे कोणी हातावर ठेवत नसे. तांदूळ येत, गूळ येई, माझ्या वडिलांची शाळेची फी परस्पर भरली जाई. आणि ती नवे नमुने आणी कुठून? मासिकांतून. आपल्या गावाला ही सोय होती. १९१० मध्ये महाराजांनी बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणून मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, त्यात बायकांसाठी निराळे दालन होते. आजी स्वतः तिथे गेली नाही. शेजारच्या काकू जात, त्या अंक आणत. 'किर्लोस्कर', आणि १९३० मध्ये सुरू झाल्यापासून 'स्त्री'. काकू गोष्टी वाचत. आजी चित्रे वाचत असे.

हे "वाचत असे" मी विचार करून म्हटले. त्या काळचे मासिकातले छायाचित्र म्हणजे हाफटोन ठोकळा. जवळ धरले की ठिपकेच ठिपके, लांब धरले की बाई. कागद खरखरीत, शाई पसरलेली. अशा चित्रातून बाहीला चुण्या किती आहेत हे कळणे कठीण. आजी माजघराच्या दाराशी उजेडात बसे, अंक हाताच्या अंतरावर धरी, डोळे बारीक करी आणि सांगे, "सात चुण्या, आतून पट्टी." फुग्याच्या बाह्यांची लाट आली तेव्हा आमच्या गल्लीत ती आजीच्या हातून आली. डोक्यावर तांबडे वस्त्र ओढून बसलेली ती बाई चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या दंडाला फीत लावून फुगा किती उंच घ्यायचा हे ठरवत असे. अंक परत करायचा असल्यामुळे ती चित्राची नक्कल करून ठेवी. त्यासाठी कागद पतंगाचा. उत्तरायण झाले की गच्चीवर, गटारीत, चिंचेच्या झाडात फाटके पतंग सापडतात ते आपण जाणता. वडील ते गोळा करून आणत. पतंगाचा कागद पातळ, चित्रावर ठेवला की खालचे दिसते. त्यावर ती शिसपेन्सिलीने गिरवी. तोंड काढत नसे, कारण शिवायला तोंड लागत नाही.

तिची चित्रांबद्दल एकच तक्रार मी तिच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. "पुढून सगळे ठीक आहे ग. पाठीचे काय?" चित्रातल्या बाईची पाठ कधी दिसत नाही. पोलक्याचा तर सगळा खेळ पाठीत असतो. पुढचा गळा पाठीच्या शिवणीवर तोलला जातो. पाठ चुकली तर खांदे उतरतात. म्हणून आजी त्याच पतंगाच्या कागदाची उलट बाजू घेई आणि न दिसलेली पाठ आपल्या अंदाजाने काढी.

पुढे मी या विषयाची शिक्षिका झाले, परदेशी मासिके हाताळू लागले, एकदोन वेळा मुंबईत जाहिरातीचे चित्रीकरणही पाहिले, तेव्हा मला तिची आठवण झाली. मासिकात अंगाला घट्ट बसलेला जो पोशाख दिसतो तो पाठीमागून चिमट्यांनी ओढून धरलेला असतो. टाचण्या लावलेल्या असतात, कधी आत कागद खुपसलेला असतो. मुलगी वळली तर सारा डोलारा दिसेल, म्हणून ती वळत नाही. मी मुलींना सांगे, चित्र पाहिले की आधी विचारा, पाठीमागे काय आहे? हे वाक्य माझे नव्हते, आणि चौतीस वर्षांत मी एकदाही वर्गात म्हटले नाही की हे माझ्या आजीचे आहे. सोवळ्या बाईचे नाव फॅशनच्या वर्गात कसे घ्यायचे, असे वाटले असेल. आज त्याचे नवल वाटते.

इंदूरच्या श्रोत्यांसाठी एक आडवळण घेते, कारण तिथला दाखला फार चांगला आहे. यशवंतराव होळकर आणि संयोगिताराजे या तरुण जोडप्याची छायाचित्रे मॅन रे याने काढली. हा तोच मॅन रे, जो पॅरिसमध्ये चित्रकलेतली बंडखोरी करी आणि पोटासाठी 'व्होग' आणि 'हार्पर्स बझार'ची कामे करी. त्या छायाचित्रांत राजा-राणी एकमेकांना खेटून हसताहेत, दरबारी थाट कुठे नाही. आणि बेर्नार बुते द मोंवेल याने त्याच यशवंतरावांची दोन तैलचित्रे केली. १९२९ च्या चित्रात ते युरोपी रात्रीच्या पोशाखात, काळा झगा, पांढरे अस्तर. १९३४ च्या चित्रात मराठी राजवेषात, पांढऱ्या गादीवर, गळ्यात ते प्रसिद्ध इंदूरचे हिरे. बोलताना लोक पहिल्याला वेषांतर म्हणतात आणि दुसऱ्याला खरा पोशाख. मी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली. दोन्हीत कापडाची प्रत्येक चुणी सारख्याच शिस्तीने बसवलेली आहे.

कॅमेऱ्यासमोरच्या बायकांबद्दल इतके बोलले, तर कॅमेऱ्यामागच्या एका बाईबद्दल बोललेच पाहिजे, कारण ती शेवटची कित्येक वर्षे आपल्या गावात राहत होती. होमाई व्यारावाला. जन्म १९१३, नवसारीचा. नवसारी तेव्हा बडोदे संस्थानातच होती. पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव घेतात. आरंभीची त्यांची छायाचित्रे मुंबईच्या 'इलस्ट्रेटेड वीकली'त छापून आली ती पतीच्या, माणेकशांच्या, नावाने. त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या मैत्रिणींची, विशेषतः रेहाना मोगल हिची, छायाचित्रे काढली ती जरूर पाहा. १९३० नंतरच्या काळातली मुलगी, ओठांत हसू, मान किंचित वर. ती कोणी देवी नाही, महाराणीही नाही. शाळेतली मैत्रीण आहे, आणि मैत्रीण फोटो काढते आहे म्हणून तशी बसली आहे. पुढे दिल्लीत होमाईबाई साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला अडकवून पुढाऱ्यांच्या गर्दीत शिरत. १९७० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच. बडोद्यात त्या एकट्या राहत, स्वतःची सुतारकामेसुद्धा स्वतः करत. जानेवारी २०१२ मध्ये इथेच गेल्या. एवढी मोठी बाई याच गावात होती आणि मी तिला भेटायला गेले नाही. जाईन जाईन म्हणत राहिले. गेले असते तर तिला एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो माझ्या घरातल्या फोटोबद्दल होता. तो आता आपल्याला सांगते आणि थांबते.

आजी १९७५ मध्ये गेली. तेराव्याला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली. फोटो नव्हता. विधवा झाल्यावर तिचा कोणी काढला नाही आणि तिनेही काढू दिला नाही. घरात लग्नाचे फोटो निघाले, मुंजींचे निघाले. जिथे आजी असायला हवी तिथे स्वयंपाकघराचे दार होते. अखेर १९१९ सालचा एक समूहफोटो सापडला, तिच्या दिराच्या लग्नातला. तीस-पस्तीस माणसे. तिसऱ्या ओळीत डाव्या टोकाला चौदा वर्षांची आजी, तोंड हरभऱ्याच्या डाळीएवढे, खांदा कोणाच्या तरी पगडीमागे गेलेला. तो घेऊन मी गावातल्या एका फोटो स्टुडिओत गेले. त्या काळी ही सर्रास पद्धत होती. समूहफोटोतले तोंड घेऊन मोठे करायचे. इतके मोठे केले की तोंडाचा निव्वळ धूर होतो, मग चित्रकार बसून त्यावर ब्रशाने नि पेन्सिलीने डोळे, नाक, ओठ उभे करतो आणि बाकीचे अंग आपल्या मनाने रंगवतो.

चित्रकार वयस्कर, भला माणूस होता. त्याने विचारले, "बहेन, शुं पहेरावुं? काय नेसवू?"

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. कापडाचे शिक्षण पुरे करून नुकतीच शिकवायला लागले होते. माझ्या डोळ्यांपुढे एकोणपन्नास वर्षांचे आलवण होते. मी क्षणभरही न थांबता म्हटले, "हिरवे लुगडे. जरीचे काठ. पदर खांद्यावरून पुढे." त्याने केस काळेभोर केले, अंबाडा घातला, कुंकू लावले. नथ फुकट काढून देतो म्हणाला. ती मी नको म्हटले, एवढेच काय ते माझे शहाणपण.

फोटो घरी आणला तेव्हा वडील बराच वेळ त्याच्यापुढे उभे होते. त्यांनी आपल्या आईला कळत्या वयात आलवणाखेरीज दुसऱ्या कशात पाहिलेच नव्हते. शेवटी म्हणाले, "कपाळ तिचे आहे." मग खिळा मारला. शेजारच्या काकू आल्या, ज्या अंक आणून देत त्याच. त्यांनी फोटोला नमस्कार केला आणि जाता जाता मला हळूच विचारले, "ही तुझ्या आईकडची का ग कोणी?"

मी तिच्यावर न्याय केला असे मला कितीतरी वर्षे वाटत होते. जे तिच्याकडून ओढून घेतले ते मी तिला रंगात का होईना, परत दिले, असे. आता वाटते, की केशवपन करणाऱ्यांनी तिला काय नेसायचे ते सांगितले, आणि ती गेल्यावर मी सांगितले. तिला कोणी विचारले नाही. ती असती तर काय म्हणाली असती, हे मला खरोखरच माहीत नाही. कदाचित हिरवेच म्हणाली असती. कदाचित जरीचा काठ चुकीच्या बाजूला रंगवला आहे, असे म्हणाली असती. तो चुकीच्या बाजूला आहे. चित्रकार गुजराती वळणाचा होता, पदर त्याने उजव्या खांद्यावरून पुढे आणला, आणि मी, कापडाची शिक्षिका, पैसे देऊन फोटो घेऊन आले तेव्हा माझ्या ते लक्षात आले नाही. आठ-दहा वर्षांनी एका पाहुणीने दाखवले.

होमाईबाईंना मला हेच विचारायचे होते: ज्या बाईचा फोटोच नाही तिचे काय करावे? त्या रोखठोक होत्या. बहुधा म्हणाल्या असत्या, नाही तर नाही, रंगवलात कशाला?

फोटो अजून भिंतीवर आहे. काढायचे मनात येते, पण माझ्या नातीला ती पणजी म्हणून तीच माहीत आहे, आणि वडिलांनी मारलेला खिळा आहे. मागच्या महिन्यात मी तो उतरवला, धूळ पुसली आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिले: चेहरा १९१९ च्या समूहफोटोवरून. लुगडे, केस आणि कुंकू १९७५ मध्ये रंगवलेले, माझ्या सांगण्यावरून. १९२६ पासून अखेरपर्यंत आलवण नेसत असे. पोलकी उत्तम शिवत असे. मग परत टांगला.

तिचे पतंगाचे सात कागद माझ्याकडे उरले आहेत. चिटणीसांच्या परवानगीने ते आज आणले आहेत, मागच्या टेबलावर काचेखाली ठेवले आहेत. दोन गुलाबी आहेत, एक हिरवा, बाकीचे आता कोणत्या रंगाचे होते सांगता येत नाही. चार कागद पुढच्या बाजूने मांडले आहेत आणि तीन पाठीच्या बाजूने. जाताना अवश्य पाहा. मात्र काच उचलू नका, घडीवर ते फाटायला आले आहेत.